काचेतल्या समुद्राचा माणूस

आमच्या रुग्णालयातल्या डायलिसिस विभागात सकाळची पहिली तपासणी रुग्णाची नसते, पाण्याची असते. तंत्रज्ञ आरओ प्लांटच्या नळाखाली बाटली धरतो, क्लोरिन उरलेलं नाही ना ते बघतो, नोंदवहीत आकडा लिहितो आणि मगच पहिल्या रुग्णाला यंत्राला जोडलं जातं. पाणी रोज सारखंच नितळ दिसतं. पण नितळ दिसणं वेगळं आणि जीव जगवण्याजोगं असणं वेगळं. घरात समुद्री मासे आणि पोवळी पाळणाऱ्यांना हा फरक लवकर कळतो, बहुतेकदा पहिली टाकी गमावल्यावर. हा फरक आयुष्यभर अभ्यासलेल्या एका माणसाची ही गोष्ट. 'अ‍ॅक्वेरियम' हा शब्द आज ज्या अर्थाने आपण वापरतो, तो रूढ झाला त्यांच्या पुस्तकामुळे.

फिलिप हेन्री गॉस यांचा जन्म ६ एप्रिल १८१० रोजी इंग्लंडमधल्या वुस्टर शहरात झाला. वडील छोट्या आकाराची व्यक्तिचित्रं रंगवत गावोगाव फिरायचे, कमाई बेताची. बालपण पूल या बंदराच्या गावात गेलं. सतराव्या वर्षी ते न्यूफाउंडलंड बेटावर एका व्यापारी पेढीत कारकून म्हणून रुजू झाले. तिथेच १८३२ साली त्यांनी सूक्ष्मदर्शकावरचं एक पुस्तक विकत घेतलं आणि निसर्गाचा नाद लागला तो कायमचा. पुढे कॅनडात शेती केली, ती बुडाली. अमेरिकेत अलाबामा इथे शाळामास्तर झाले, तिथेही मन रमलं नाही. १८३९ मध्ये जवळजवळ रिकाम्या खिशाने ते मायदेशी परतले. पण कॅनडातल्या निरीक्षणांचं पुस्तक छापलं गेलं आणि लेखणीने पोट भरू लागलं. मग जमैकात दीडेक वर्ष पक्ष्यांचा अभ्यास झाला. १८४८ मध्ये एमिली बोज या लेखिकेशी लग्न झालं. दुसऱ्या वर्षी मुलगा एडमंड जन्मला. त्या दिवशी गॉस यांनी डायरीत मुलाचा जन्म आणि जमैकाहून आलेला पक्ष्याचा नमुना, दोन्हींची नोंद शेजारीशेजारी केली. माणूस कसा होता हे यावरून कळावं.

१८५२ साली अतिश्रमाने त्यांची तब्येत ढासळली आणि कुटुंब हवापालटासाठी डेव्हनच्या किनाऱ्यावर गेलं. विश्रांती राहिली बाजूला. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांतल्या डबक्यांत गॉस तासन्‌तास वाकून बसू लागले. तिथली समुद्रफुलं आणि पेल्याच्या आकाराची छोटी पोवळी त्यांनी भांड्यांत घालून घरी आणली. एका जातीची समुद्रफुलं तर तळून खाऊनही पाहिली. पण त्यांना जिवंत ठेवायचं कसं, हा खरा प्रश्न होता. रोज समुद्राचं ताजं पाणी आणणं किनाऱ्यावर जमतं, लंडनमधल्या घरात नाही.

उत्तराचे तुकडे आधीपासून पडलेले होते. डॉक्टर असलेल्या यान इंगेनहाउझ यांनी १७७९ मध्ये दाखवून दिलं होतं की वनस्पतींचे हिरवे भाग उन्हात प्राणवायू सोडतात. लंडनमध्ये ॲना थीन या बाईंनी १८४६ मध्ये किनाऱ्यावरून जिवंत पोवळी आणली. त्यांच्या पाण्यात हवा मिसळावी म्हणून त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत राहायची. पुढे थीनबाईंनी टाकीत समुद्री शेवाळ लावलं. रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञांनी १८५० मध्ये गोड्या पाण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात दोन सोनमासे, पाणवनस्पती आणि कुजणारी पानं खाणाऱ्या गोगलगाई होत्या. मासे श्वास सोडतात तो वनस्पती वापरतात, वनस्पती प्राणवायू देतात आणि गोगलगाई सफाई करतात, असा तो हिशेब होता. गॉस यांनी हाच हिशेब समुद्राच्या पाण्यात मांडला. १८५३ मध्ये लंडनच्या रीजेंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं, तेव्हा समुद्री जीव पुरवणाऱ्यांत ते होते. १८५४ मध्ये 'द अ‍ॅक्वेरियम' हे त्यांचं पुस्तक आलं आणि घरोघरी काचेच्या टाक्यांची लाट उसळली.

त्याच वर्षी त्यांनी आणखी एक मोठं काम केलं. समुद्रापासून दूर राहणाऱ्यांसाठी खारं पाणी घरीच बनवता येईल का, हे त्यांनी करून पाहिलं. इंग्लिश खाडीच्या पाण्याचं रासायनिक पृथक्करण आधी झालेलं होतं. त्यावरून त्यांनी प्रमाण काढलं. चार क्वार्टपेक्षा थोड्या कमी गोड्या पाण्यात साडेतीन औंस, म्हणजे सुमारे १०० ग्रॅम, साधं मीठ घ्यायचं. पाव औंस एप्सम सॉल्ट, सुमारे १३ ग्रॅम मॅग्नेशियम क्लोराइड आणि अडीच ग्रॅमच्या आसपास पोटॅशियम क्लोराइड त्यात मिसळायचं. पाणी गाळून टाकीत भरलं, पण जीव लगेच सोडले नाहीत. आधी दगड आणि हिरवं शेवाळ ठेवलं, काही दिवस वाट पाहिली आणि मग समुद्रफुलं वगैरे सोडली. ती जगली. हे प्रमाण त्यांनी शास्त्रीय मासिकात छापून सगळ्यांना खुलं केलं.

या कृतीत डॉक्टर म्हणून मला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. समुद्राच्या पाण्यात चुन्याचे क्षारही असतात, पण गॉस यांनी ते वगळले. वापरायच्या गोड्या पाण्यात चुना मुळातच पुरेसा असतो, असा त्यांचा विचार होता आणि लंडनच्या जड पाण्याच्या बाबतीत तो बरोबर होता. तीसेक वर्षांनी त्याच शहरात डॉ. सिडनी रिंगर बेडकाचं हृदय मिठाच्या पाण्यात ठेवून प्रयोग करत होते. ते छान धडधडत राहिलं. मग लक्षात आलं की द्रावण नळाच्या पाण्यात बनवलं गेलं होतं. ऊर्ध्वपातित पाणी वापरल्यावर हृदय थांबलं. फरक होता नळाच्या पाण्यातल्या कॅल्शियमचा. आमच्या वॉर्डात रोज टांगली जाणारी 'आरएल'ची बाटली, म्हणजे रिंगर लॅक्टेट, याच शोधाची वारस आहे. न दिसणारा चुना एकीकडे टाकी सांभाळत होता, दुसरीकडे हृदय.

आज पोवळी पाळणारे नळाऐवजी आरओचं पाणी घेतात आणि ते योग्यच आहे. पालिकेच्या पाण्यातलं क्लोरिन आपल्याला जंतूंपासून वाचवतं, पण टाकीतल्या जिवांना मारक ठरतं. तांब्याचा अंशही पोवळ्यांना सोसत नाही. पण आरओने चुनाही निघून जातो. दगडी पोवळ्यांचा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. म्हणून त्यांच्या टाकीत कॅल्शियम लिटरला ४०० ते ४५० मिलिग्रॅम ठेवावं लागतं, पाण्याची अल्कलिनिटी सांभाळावी लागते आणि पीएच आठच्या थोडा वर राखावा लागतो. गॉस यांची कृती आज आरओच्या पाण्यात जशीच्या तशी केली, तर पोवळ्यांना घर बांधायला विटाच मिळणार नाहीत.

काही दिवस वाट पाहणं का उपयोगी पडतं, याचं पूर्ण कारण गॉस यांना कळणं शक्य नव्हतं. जिवांच्या उत्सर्जनातून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया साठतो आणि तो विषारी असतो. दगडांवर वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंच सौम्य नायट्रेट करतात. हे जिवाणू वेगळे काढून दाखवले सर्गेई विनोग्राद्स्की यांनी, १८९०च्या सुमारास. आपल्या शरीरात अमोनियाची विल्हेवाट यकृत लावतं आणि उरलेला कचरा मूत्रपिंडं बाहेर टाकतात. टाकीत दगडांवरचे जिवाणू हे यकृत आणि नियमित पाणी बदलणं हे मूत्रपिंड. नवी टाकी भरून दुसऱ्या दिवशी मासे सोडणं म्हणजे यकृत तयार व्हायच्या आत पंगत वाढणं. आज यासाठी काही आठवडे थांबतात आणि अमोनिया, नायट्राइट शून्यावर आल्याचं तपासूनच पुढे जातात.

गॉस यांच्या इतर सूचनाही टिकून राहिल्या आहेत. टाकीत गर्दी करू नका. मेलेला जीव ताबडतोब काढा, नाहीतर एकामागून एक सगळे जातात. ऊन फार लागू देऊ नका, पाणी हिरवं होतं. पाण्याची पातळी खुणेने लक्षात ठेवा आणि ती उतरली की खारं नव्हे, गोडं पाणी घाला. वाफ पाण्याची होते, मीठ मागेच राहतं. उन्हाळ्यात पाणी न मिळालेल्या म्हाताऱ्या माणसाच्या रक्तात सोडियम वाढतं, त्याचं कारण हेच.

त्याच १८५४ सालच्या उन्हाळ्याअखेर लंडनच्या सोहो भागात कॉलराने शेकडो लोक मेले. डॉ. जॉन स्नो यांनी बोट दाखवलं ते ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पंपाकडे. त्या पंपाचं पाणीही लोकांना चांगलंच वाटायचं.

गॉस यांच्या घरावर मात्र वेगळं संकट आलं. १८५६ मध्ये एमिली यांना स्तनात गाठ लागली. कर्करोग होता. शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला. भूल देण्याची सोय झाली होती, पण निर्जंतुक शस्त्रक्रिया यायला अजून दहाएक वर्षं होती. भीती वाटणं स्वाभाविक होतं. त्याच वेळी लंडनमध्ये आलेले एक अमेरिकी डॉक्टर चाकूशिवाय गाठ काढण्याचा दावा करत होते. त्यांच्या मलमात काय आहे ते गुपित होतं. दांपत्याने तो मार्ग निवडला. त्या डॉक्टरांच्या जवळ राहता यावं म्हणून एमिली लहानग्या एडमंडला घेऊन भाड्याच्या खोलीत राहिल्या. महिनोन्‌महिने असह्य वेदना झाल्या आणि फेब्रुवारी १८५७ मध्ये त्या गेल्या. मलमात एक वनस्पती आणि मांस जाळणारं झिंक क्लोराइड होतं, हे पुढे उघड झालं.

हे वाचताना मला फार वाईट वाटतं. ज्या माणसाने समुद्राच्या पाण्याचं प्रमाण गुंजागुंजांनी मोजून जगाला खुलं केलं, त्यालाही बायकोच्या जिवाचा प्रश्न आला तेव्हा गुपित मलमावर विसंबावं वाटलं. मी त्यांना दोष देत नाही. घाबरलेली माणसं अशीच वागतात; माझ्या ओपीडीत पुड्या आणि लेप घेऊन उशिरा येणाऱ्या बायका मी दर वर्षी बघतो. पण टाकीतल्या पाण्यात काय टाकतो ते आपण लेबल वाचून टाकतो. शरीरात काय जातंय हे विचारण्याचा हक्क तरी त्याहून कमी नसावा.

त्याच वर्षी गॉस यांचं 'ऑम्फॅलोस' हे पुस्तक आलं. पृथ्वी निर्माण झाली ती जुनी असल्याच्या खुणांसकट, असा त्यांचा दावा होता. तो खोटा ठरवायला कुठलीच तपासणी उपयोगी पडत नव्हती आणि म्हणून तो खराही ठरत नव्हता. ना श्रद्धावानांनी तो मानला, ना वैज्ञानिकांनी. मोजता येणाऱ्या गोष्टीत ते पक्के होते, न मोजता येणाऱ्या गोष्टीत एकटे पडले.

खचलेले गॉस मुलाला घेऊन कायमचे डेव्हनला सेंट मेरीचर्च इथे गेले. बापलेक रोज ओहोटीला किनाऱ्यावर जात. १८६० मध्ये ब्रिटनची समुद्रफुलं आणि पोवळी यांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ पूर्ण झाला. चित्रं त्यांनी स्वतःच काढलेली होती. त्याच वर्षी एलिझा ब्राइटवेन यांच्याशी दुसरा विवाह झाला. उतारवयात त्यांनी ऑर्किड वाढवली आणि पाण्यातल्या रोटिफर या सूक्ष्म जिवांवर काम केलं. २३ ऑगस्ट १८८८ रोजी, वयाच्या ७८व्या वर्षी ते गेले.

एक सल मात्र त्यांच्या मनात राहिला. पुस्तकं वाचून हजारो हौशी लोक टोपल्या आणि छिन्न्या घेऊन त्या किनाऱ्यावर उतरले. खडकांतली डबकी ओरबाडून रिकामी झाली. पुढे नामांकित लेखक झालेल्या एडमंड यांनी १९०७च्या आपल्या आठवणींत याची खंत नोंदवली आहे. आपल्या प्रेमानेच हा नाश ओढवला, हे वडिलांना उमगलं होतं आणि त्याचं त्यांना फार दुःख होतं, असं ते सांगतात.

आपल्याकडे मालवणच्या समुद्रातही पोवळी आहेत. भारतात दगडी पोवळ्यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, ती किनाऱ्यावरून उचलून घरी आणणं हा गुन्हा आहे. घरातली टाकी छंद म्हणून जरूर ठेवा, पण त्यात काय सोडता येतं हे आधी कायद्यात बघा. मग दर आठवड्याला खारेपणा, तापमान, पीएच आणि नायट्रेट मोजून वहीत लिहा. एखादा आकडा सरकला, तर पाणी गढूळ व्हायची वाट बघू नका. शे-दोनशे लिटर पाणी जिवंत ठेवायला किती कष्ट पडतात हे एकदा हाताने कळलं, की नाल्यात, खाडीत काय सोडायचं याचा विचार आपण जरा वेगळा करू लागतो.