रामन आणि स्फटिकांची थरथर

चंद्रशेखर वेंकट रामन म्हटले की १९२८चा शोध आणि १९३०चे नोबेल आठवते. पुढे त्यांना स्फटिकांनी झपाटले.

स्फटिकातील अणू आपापल्या जागी सतत थरथरत असतात. १९४० मध्ये बंगळुरूला रामन आणि त्यांचे विद्यार्थी नेडुंगडी यांनी क्वार्ट्झचा स्फटिक तापवत नेला. सुमारे ५७३ अंश सेल्सिअसला त्याची रचना बदलते. ते तापमान जवळ येताना वर्णपटातली एक रेषा पसरट होत कमी वारंवारतेकडे सरकली, म्हणजेच त्या कंपनाचा वेग मंदावला. सुमारे २० वर्षांनी याच कल्पनेवर ‘मृदू कंपना’चा सिद्धान्त उभा राहिला.

जाळीच्या कंपनांवरून रामन यांचे मॅक्स बोर्न यांच्याशी मात्र जोरदार वाजले. हिटलरच्या राजवटीत जर्मनी सोडावी लागलेल्या बोर्न यांना १९३५ मध्ये रामन यांनीच बंगळुरूला बोलावले होते. पुढे प्रयोगांनी बोर्न यांच्या बाजूने कौल दिला. रामन यांनी तो मानला नाही. १९७० मध्ये ते गेले.

त्यांचा सिद्धान्त मागे पडला, तंत्र टिकले. गोळीतल्या औषधाचे स्फटिकरूप योग्य आहे का, हे आज रामन वर्णपटाने तपासता येते. एखाद्या स्फटिकाची रचना इलेक्ट्रॉनांमुळे बदलते की अणूंच्या थरथरीमुळे, हा नवा वादही संशोधक त्याच वर्णपटापुढे ठेवतात.