पाळीची दिवाळी

आश्विन लागला की आमच्या काचीगुड्याच्या घरी माळ्यावरची पितळी भांडी खाली येतात आणि त्यांच्याबरोबर माझ्या आजोबांची लाल खारव्यात बांधलेली वहीही येते. सावकारी जाऊन आता सत्तर वर्षे होत आली, तरी लक्ष्मीपूजनाला ती पाटावर मांडण्याचा प्रघात आमच्या घरात चालू आहे. आमचे घराणे मूळ आदिलाबाद जिल्ह्यातले. पैनगंगेच्या दक्षिणेस चार पिढ्या शेती झाली आणि शेतीच्या जोडीला देवघेव. लहानपणी ओटीवर बसून वडीलधाऱ्यांचे बोलणे ऐकताना एक गोष्ट माझ्या मनात पक्की रुजली होती, ती अशी की गोंडांच्या जमिनी त्यांच्या सणांनी खाल्ल्या. दंडारी नाचायची, मोहाची प्यायची, गाव जेवू घालायचे आणि मग सावकाराच्या दारात यायचे, असे सगळेच म्हणत, आणि म्हणून मीही म्हणत असे.

हा समज माझ्या वयाच्या पंचविशीपर्यंत टिकला. १९७७ साली सरकारी नोकरीनिमित्त मी उटनूरला गेलो, आणि तेथे एका माणसाचे नाव वारंवार कानी पडू लागले. हा माणूस गोंड नव्हता, तेलुगू नव्हता, मराठीही नव्हता. तो व्हिएन्नाचा होता. डोंगरातल्या म्हाताऱ्या पाटलांना त्याचे आडनाव नीट उच्चारता येत नसे. पण त्याच्या नावाने जमिनीचा कागद मिळाला, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हैमेनडॉर्फ यांचा जन्म १९०९ साली व्हिएन्ना शहरी एका सरदार घराण्यात झाला. तेथेच त्यांनी मानववंशशास्त्राचा अभ्यास केला, १९३१ साली डॉक्टरेट मिळवली आणि पुढे लंडनमध्ये मॅलिनॉव्स्की यांच्यासारख्या गुरूंपाशी बसून शिक्षण पुरे केले. १९३६-३७ साली ते नागांच्या डोंगरात राहून आले. १९३८ साली त्यांचा विवाह झाला. पत्नी एलिझाबेथ बर्नार्डो. सर्वजण त्यांना बेटी म्हणत. त्याच वर्षी जर्मनीने ऑस्ट्रिया गिळली आणि साहेबांच्या हाती जर्मन पारपत्र आले. १९३९ साली हे जोडपे पुन्हा हिंदुस्थानात आले, तोच युरोपात महायुद्ध पेटले. कालचा विद्वान पाहुणा एका रात्रीत शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरला. निजाम सरकारच्या काही अधिकाऱ्यांनी मन मोठे केले म्हणून त्यांना हैदराबाद संस्थानात राहून काम करण्याची मुभा मिळाली.

संस्थानाबाहेर जाता येत नाही, तर संस्थानातच पाहू, असे म्हणणारा तो माणूस होता. प्रथम नल्लमलाच्या रानातले चेंचू, मग गोदावरीकाठचे कोंडा रेड्डी आणि त्यानंतर आमच्या आदिलाबादचे राजगोंड, असा त्यांचा क्रम लागला.

आदिलाबादेत त्या वेळी फार मोठा घाव ताजा होता. १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात कुमराम भीम हा गोंड पुढारी पोलिसांच्या गोळीला बळी पडला होता. जमीन आणि जंगल यांवरचा हक्क एवढेच त्याचे मागणे. त्याची पुण्यतिथी आश्विन पौर्णिमेला पाळतात. आपण ज्या रात्री कोजागिरीचे दूध आटवतो, त्याच तिथीला जोडेघाटला लोक जमतात. हे मला उटनूरला गेल्यावर कळले. त्याआधी आमच्या घरात ते कोणी कधी सांगितले नव्हते.

१९४१ साली हैमेनडॉर्फ पतिपत्नी मारलवाई या गोंड गावात राहायला गेली. पूर्वी हे गाव आदिलाबाद जिल्ह्यात होते; २०१६ च्या फेररचनेनंतर ते कुमराम भीम आसिफाबाद जिल्ह्यात मोडते. गोंडांच्या घरासारखेच माती-बांबूचे घर त्यांनी बांधले, गोंडी भाषा शिकली आणि गोंडांची लग्ने, मर्तिके, देवपूजा, पेरण्या, सारे काही वहीत टिपून घेतले. सावकारांच्या वह्या त्या जिल्ह्यात पुष्कळ होत्या. ही वही निराळी होती.

त्या वहीतून जे निघाले, ते आमच्या ओटीवरच्या समजुतीच्या उलट होते. गोंड पिढ्यान्‌पिढ्या रान तोडून शेत करीत, पण पट्टा कोणाच्याच नावावर नसे. बरीच जमीन शिवाय जमाबंदीवर, म्हणजे सालोसालच्या बोलीवर कसली जाई. पुढे जंगल खात्याने रान राखीव केले, कैक वाड्या उठवल्या. रेल्वे आणि सडका झाल्या, कापसाला भाव आला, तसे मैदानातले लोक वर चढले. त्यांत तेलुगू होते, मुसलमान होते आणि आपले मराठी लोकही होते. कचेरी कोठे असते हे त्यांना ठाऊक होते, अर्ज लिहिता येत होता. कसणारा शेतात राहिला आणि पट्टा दुसऱ्याच्या नावे झाला. त्यावर खालच्या अंमलदारांची वर्गणी आणि फुकटची वेठ. कर्ज होते, दारूही होती. पण जमीन गेली ती कागद नव्हता म्हणून.

साहेब केवळ लिहून थांबले नाहीत. १९४३ साली मारलवाईत गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र निघाले. गोंडी भाषेतली पहिली वाचनपुस्तके तयार झाली, ती देवनागरी लिपीत. कारण त्या भागातल्या गोंडांची दुसरी भाषा मराठी होती. १९४५ साली निजाम सरकारने त्यांना आदिवासी आणि मागास वर्गांचे सल्लागार नेमले. पुढच्या काही वर्षांत आदिलाबाद जिल्ह्यात सुमारे १,६०,००० एकर जमीन ११ हजारांहून अधिक आदिवासींच्या नावे झाली. या कामात आपल्या माणसाचाही हात लागला, हे अभिमानाने सांगितले पाहिजे. पुढे शिवकालाचे इतिहासकार म्हणून गाजलेले सेतुमाधवराव पगडी तेव्हा हैदराबादच्या मुलकी सेवेत होते. आदिलाबादेत गोंडांच्या कामावर असताना ते गोंडी शिकले, त्या भाषेचे व्याकरण त्यांनी लिहिले आणि १९४९ साली आदिलाबादच्या गोंडांवर एक इंग्रजी पुस्तकही प्रसिद्ध केले.

आता सणांकडे वळतो, कारण आमच्या वहीचा आणि माझा प्रश्न तोच होता. हातात रोख पैसा जवळजवळ नाही, दिवाळीला ज्वारी अजून शेतात उभी, असे हे लोक आठ-दहा दिवस सण करीत तरी कसे?

हैमेनडॉर्फ यांनी दंडारी बारकाईने पाहिली आणि तिची छायाचित्रे काढली. त्यांचा चित्रसंग्रह लंडनच्या विद्यापीठात जपून ठेवला आहे. मी ती उटनूरजवळच्या एका वाडीत पाहिली. दिवाळीच्या सुमारास एका गावचे पुरुष नाचत दुसऱ्या गावी जातात. त्यांत गुसाडी असतात. अंगाला राख, खांद्यावर कातडे, हातात दंडा आणि डोक्यावर मोरपिसांचा भला थोरला मुकुट. मुलगे मुलींचा वेष घेतात, त्यांना पोरिक म्हणतात. यजमान गाव पाहुण्यांना उतरवून घेते आणि जेवू घालते. रात्रभर ढोल आणि पेप्रे वाजते. मग यजमान गावची दंडारी निघते आणि ती पाहुण्यांच्या गावी जेवते.

एवढाच तो जमाखर्च. मी जेवलो त्या रात्री ज्वारीची भाकर होती आणि डाळ होती. घरोघरचे थोडे थोडे पीठ एका ठिकाणी आले होते. कोणी नवे कापड घेतले नव्हते. मोरपिसांचा मुकुट तर बापाचा मुलाकडे येतो. त्यातले गळलेले पीस तेवढे बदलायचे. जे घरात आहे तेच बाहेर काढायचे, आणि आज मी वाढले ते उद्या तू वाढायचे. फेड आहे, पण ती पाळीची आहे. तिला व्याज नाही.

तीच रीत केसलापूरच्या नागोबाच्या पूजेत. पौष अमावास्येला मेस्राम कुळाचे लोक तेथे जमतात. पूजेचे पाणी गोदावरीवरून पायी चालत आणतात. नव्या सुना देवापुढे आणून त्यांची ओळख करून देतात. माणसे हजारो जमली तरी कुळाच्या स्वयंपाकाच्या चुली बावीसच. एकाचे झाले की दुसऱ्याने रांधायचे. तेविसावी चूल मांडून आपला थाट निराळा दाखवण्याची सोयच नाही. याच यात्रेत १९४० च्या दशकात हैमेनडॉर्फ यांनी दरबार सुरू केला. अधिकाऱ्यांनी तेथे येऊन लोकांची गाऱ्हाणी ऐकायची. सणाला माणसे आपण होऊन येतात, तर कचेरीनेच सणाला जावे, हे त्यांच्या ध्यानात आले. हा दरबार पुढेही चालत राहिला.

उटनूरहून सुट्टीला घरी आलो तेव्हा मी प्रथमच आजोबांची वही पूजेसाठी न उघडता वाचण्यासाठी उघडली. गोंड खातेदारांची नावे होती. रकमा बहुतेक ज्येष्ठातल्या, बियाण्याच्या, दिढीने फेडायच्या. काही बैल मेला म्हणून, काही सरकारी देण्यासाठी. आश्विनातल्या रकमा मी बोटाने शोधीत गेलो. त्या होत्या, पण नावे आमच्या भाऊबंदांची होती. कापड, साखर, दारूकाम, जावयाची अंगठी. आणि एका पानावर आजोबांची स्वतःचीच नोंद होती. १९३८ च्या दिवाळीत आत्याचा दिवाळसण झाला. व्याही मोठे, त्यांच्या तोलाचे झाले पाहिजे म्हणून आजोबांनी दुसऱ्या सावकाराकडून तीनशे रुपये हाली काढले आणि ओढ्याकाठचे शेत गहाण टाकले. ते पुन्हा सुटले नाही.

वडिलांना विचारले तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले की ते शेत आधी एका गोंडाने तोडलेले होते. पट्टा मात्र आमच्या नावे झाला होता. म्हणजे कागद नसल्याने एकाचे शेत आमच्याकडे आले आणि चार दिवसांच्या दिवाळसणापायी ते आमच्याकडून गेले. सणाने जमीन खाल्ली हे खरेच होते. ती कोणाच्या सणाने खाल्ली, एवढेच आम्ही चुकीचे सांगत आलो होतो.

हैमेनडॉर्फ पुढे लंडनला गेले. १९५१ ते १९७६ या काळात ते तेथील विद्यापीठात आशियाई मानववंशशास्त्राचे प्राध्यापक होते. नेपाळातल्या शेर्पांवरचे त्यांचे काम जगभर गाजले. निवृत्तीनंतर ते पुन्हा आदिलाबादेत आले, तेव्हा दिसले ते सुखाचे नव्हते. पट्टे दिलेल्या जमिनीही पुष्कळशा हातच्या गेल्या होत्या. आदिवासींची जमीन इतरांकडे जाऊ नये म्हणून १९७० साली कायदा कडक झाला, तरी वहिवाट परक्यांचीच होती. २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्लीला गोळीबार होऊन गोंड मारले गेले. १९८२ साली आदिवासींच्या जगण्याच्या झगड्यावर त्यांनी जे पुस्तक काढले, त्यात आपल्याच कामाची ही पडझड त्यांनी आडपडदा न ठेवता नोंदवली. स्वतःचे अपयश लिहून ठेवणारे विद्वान थोडे असतात.

बेटीबाई १९८७ च्या जानेवारीत हैदराबादला वारल्या. साहेब १९९५ साली लंडनमध्ये गेले. मारलवाईत दोघांच्या समाध्या आहेत आणि दर वर्षी ११ जानेवारीला डोंगरातले लोक तेथे जमतात. सरदाराच्या घरी जन्मलेल्या माणसाला माती-बांबूच्या घराच्या गावात विसावा मिळाला.

यंदा माझ्या नातीचा पहिला दिवाळसण आहे. मुलाचा धंदा दोन वर्षे बसलेला. परवा त्याने दबकत कर्जाची गोष्ट काढली. मी वही आणून त्याच्यापुढे ते पान उघडले आणि आत्याच्या दिवाळसणाची हकीकत सांगितली. मग व्याह्यांच्या घरी मी स्वतः गेलो. संकोच वाटला, खोटे कशाला बोलू? पण बोलल्यावर समजले की त्यांचीही तारांबळच होती आणि तेही आमच्या तोलाचे काढावे म्हणून हातउसने शोधीत होते. आता ठरले आहे ते असे. पाडव्याला त्यांनी आमच्याकडे जेवायचे, भाऊबीजेला आम्ही त्यांच्याकडे. घरच्या करंज्या, घरचा चिवडा. आहेर नाही, अंगठी नाही. जावई मोठ्या मनाचा निघाला. पुढच्या वर्षी पहिली पाळी त्याची, असे तोच म्हणाला.

लक्ष्मीपूजनाला वही यंदाही पाटावर ठेवणार आहे. फक्त ती मिटलेली ठेवण्याऐवजी त्या पानावर उघडी ठेवीन म्हणतो.