भास्कराचार्य आणि त्रैराशिक



फर्दापूरच्या मागे जो अजिंठ्याचा डोंगर दिसतो, त्याच रांगेच्या पायथ्याला पश्चिमेकडे गेलं की चाळीसगावजवळ पाटणे गाव लागतं. भास्कराचार्यांचं नाव या गावाशी जोडलेलं आहे. गुणोत्तर-प्रमाण शिकवायच्या आधी मी मुलांना हेच सांगते, की हा माणूस आपल्याच डोंगराच्या कडेचा.

त्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ.स. १११४ चा. सह्याद्रीजवळचं विज्जलविड हे आपलं गाव असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. ते नेमकं कुठलं यावर अभ्यासकांत वाद आहे. वडील महेश्वर ज्योतिषी होते आणि तेच त्यांचे गुरू. वयाच्या ३६ व्या वर्षी त्यांनी सिद्धांतशिरोमणी रचला. त्याचा पहिला भाग म्हणजे लीलावती. लीलावती ही त्यांची मुलगी, घटिकापात्रात मोती पडला, लग्नाचा मुहूर्त टळला, ही गोष्ट मुलांना फार आवडते. पण ती फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरातून आली आहे, म्हणून मी गोष्ट म्हणूनच सांगते.

लीलावतीत त्रैराशिक आहे. तीन राशी माहीत, चौथी काढायची. त्यांची नावं प्रमाण, फल आणि इच्छा. प्रमाण आणि इच्छा एकाच जातीचे हवेत, रुपये तर रुपये, किलो तर किलो. फलाला इच्छेने गुणायचं, प्रमाणाने भागायचं. त्यातलं एक उदाहरण केशराचं आहे. ३/७ निष्काला अडीच पळे केशर, तर ९ निष्कांना किती? (निष्क हे नाणं, पळ हे वजन.) आपण एकमान पद्धतीने केलं तर १ निष्काला ३५/६ पळे, त्याची ९ पट साडेबावन्न. त्रैराशिकानेही तेच येतं. फरक एवढाच, की एकमानात मधे एकाचा भाव डोळ्यांना दिसतो. म्हणून मी आधी एकमानच घेते. कापूस वेचणीला जाणाऱ्या घरातल्या पोरांना किलोमागे किती हे शिकवावंच लागत नाही, फक्त वहीत मांडायला शिकवावं लागतं.

सुरुवातीला मी उलटं करायचे. सूत्र आधी, पाठ करून घ्यायचं. मग चाचणीत ४ मजुरांना ६ दिवस, तर ८ मजुरांना १२ दिवस असं अर्ध्या वर्गाने लिहिलं. गुणाकार-भागाकार सगळे बरोबर! चूक माझी होती. भास्कराचार्यांनी तर व्यस्त त्रैराशिक वेगळं काढून ठेवलंय. इच्छा वाढली की फल घटतं का, हे आधी बघा आणि मग आकडेमोड करा. त्यांचं उदाहरण धान्याच्या राशीचं. ७ आढकांच्या मापाने १०० मापं भरली, तर ५ आढकांच्या मापाने किती? १४०. माप लहान, तर मापं जास्त.

हेच त्रैराशिक त्यांनी आकाशालाही लावलं. अमुक दिवसांत ग्रहाच्या इतक्या फेऱ्या, तर आजपर्यंतच्या दिवसांत किती, असं ग्रहाचं मध्यम स्थान निघतं. वर्गमूळ-घनमुळासारख्या गोष्टी सोडल्या तर बाकी सगळं गणित त्रैराशिकाचाच विस्तार आहे, इथपर्यंत ते जातात. वयाच्या ६९ व्या वर्षी करणकुतूहल लिहिलं, तेव्हाही हिशोब चालूच होता.

मुलगा लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपालाच्या पदरी होता, नातू चांगदेव सिंघणाच्या. चांगदेवाने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी पाटण्याला मठ काढला. शके ११२८ चा (इ.स. १२०७) त्याचा शिलालेख आहे. तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी प्रकाशात आणला. शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे आणि मठाचा खर्च कसा चालायचा ते त्यात लिहिलंय. चालतील तितक्या घाण्यांमागे पळी पळी तेल. मोजायचं ते मठाच्याच मापाने, आणि मापाईतला अर्धा वाटा मठाला, अर्धा मोजणाऱ्याला.

यंदा मी फळ्यावर ७ घाणे काढले आणि मठाला तेल किती पळ्या मिळेल ते विचारलं. सगळ्यांनी लगेच सांगितलं. मग विचारलं, मापाई दर मापामागे असेल आणि मोजणाऱ्याने गुपचूप लहान माप वापरलं, तर फायदा कुणाचा? वर्गात बराच वेळ भांडण चाललं. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, म्हणूनच माप मठाचं ठेवलं असेल, बाई.