पडदे रंगविणाऱ्यानेच पडदा दूर सारला

छायाचित्रातील चेहरा लख्ख आणि त्याच्या मागचे झाड, भिंत, रस्ता सारे विरघळल्यासारखे धूसर, असे चित्र आज कोणाच्याही मोबाइलमध्ये सापडते. लग्नाच्या अल्बमसाठी तर त्याचा आग्रहच धरला जातो. भिंगाचे छिद्र मोठे उघडले, माणूस जवळ आणि पार्श्वभूमी दूर ठेवली, की मागचे तपशील आपोआप हरवतात. अलीकडे हे काम यंत्रातील गणितच परस्पर उरकून टाकते. मात्र पार्श्वभूमीने मागे राहावे, माणसाशी स्पर्धा करू नये, हा विचार यंत्राने शिकविलेला नाही. मराठी चित्रपटात तो ज्यांनी हट्टाने रुजविला, ते कलामहर्षी बाबूराव पेंटर कॅमेऱ्याकडे वळण्यापूर्वी नाटकांचे पडदे रंगवीत होते.

नगरकरांना या कथेचा एक धागा जवळचा वाटेल. नगरमध्ये जन्मलेले शाहू मोडक १९४० साली ‘प्रभात’च्या ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये ज्ञानदेव झाले. ज्या ज्ञानदेवांनी याच जिल्ह्यातील नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली, त्यांची भूमिका नगरच्याच एका ख्रिस्ती कुटुंबातील तरुणाने साकारली. तो चित्रपट दिग्दर्शित करणारे विष्णुपंत दामले आणि फत्तेलाल हे बाबूरावांच्या हाताखाली घडलेले. त्यांच्या दृष्टीचा उगम शोधायचा, तर कोल्हापुरातील एका कारागिराच्या घरी जावे लागते.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. वडील कृष्णराव हे कुशल कारागीर. लाकूड, दगड, हस्तिदंत अशा माध्यमांचे संस्कार मुलावर घरातच झाले. कलाशाळेचे रीतसर शिक्षण त्यांना लाभले नाही. चुलतबंधू आनंदराव यांच्यासह त्यांनी चित्रकला आत्मसात केली आणि दोघे मिळून संगीत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवू लागले. १९१० नंतरच्या काही वर्षांत पश्चिम भारतातील आघाडीचे पडदे-चित्रकार म्हणून दोघांची गणना होऊ लागली. मेस्त्री हे आडनाव मागे पडले आणि पेंटर हेच रूढ झाले.

नाटकाचा पडदा ही मोठी फसवी वस्तू असते. एका सपाट कापडावर राजवाड्याच्या कमानी एकामागून एक लहान होत जातात, अरण्य खोलवर पसरते, नगरीचा रस्ता दूर क्षितिजाला भिडतो. दिव्यांच्या मंद उजेडात, दूर बसलेल्या प्रेक्षकाला हा भास पुरेसा होतो. पडद्यापुढे उभा राहिलेला नट मात्र त्या रस्त्यावर एक पाऊलही टाकू शकत नाही. मागच्या कमानीजवळ गेला, तर कमानच त्याच्यापेक्षा ठेंगणी ठरते. बाबूरावांना ही लबाडी इतरांपेक्षा चांगली ठाऊक होती, कारण ती त्यांच्याच कुंचल्याने केलेली होती.

१९१३ साली दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि या दोघा भावांना चलच्चित्राचे वेड लागले. फाळके यांच्या चित्रपटातही रंगविलेले पडदे होते. आरंभीच्या काळात चित्रीकरण उन्हात चाले. नट पडद्याला लागूनच उभा, कॅमेरा त्याची पूर्ण आकृती मावेल इतका दूर. अशा मांडणीत नटाच्या चेहऱ्याइतकाच मागचा पडदाही स्पष्ट उमटणार, हे उघड आहे. नाटकगृहात झाकली जाणारी सपाटी सूर्यप्रकाशात उघडी पडते. शिवाय त्या वेळच्या फिल्मला लाल रंग जवळजवळ काळा आणि निळा रंग पांढुरका दिसे. दूरचे डोंगर निळसर रंगवून खोली दाखविण्याची चित्रकाराची जुनी युक्ती तेथे फारशी चालण्यासारखी नव्हती.

छायाचित्रात काय स्पष्ट असावे आणि काय नसावे, हा वाद युरोपात त्यापूर्वीच रंगला होता. कोलकात्यात जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांनी १८६०च्या दशकात इंग्लंडमध्ये काढलेली मऊ, धूसर व्यक्तिचित्रे अनेक जाणकारांनी सदोष ठरविली होती. १८८९ साली पीटर हेन्री इमर्सन यांनी, माणसाचा डोळा सारे काही सारख्याच स्पष्टतेने पाहत नाही, तेव्हा छायाचित्रानेही मुख्य विषयावरच भर द्यावा, असा सिद्धान्त मांडला. ही चर्चा बाबूरावांपर्यंत पोहोचली असेल वा नसेल. त्यांचा मार्ग स्वतंत्र होता आणि तो भिंगातून नव्हे, तर चित्रकलेतून निघाला.

आधी कॅमेरा हवा होता. परदेशातून तो विकत आणण्याची ऐपत नव्हती. मुंबईच्या चोरबाजारातून जुने प्रक्षेपण यंत्र मिळवून भावांनी त्याचे मर्म समजून घेण्यास प्रारंभ केला. मात्र १९१६ साली आनंदराव निवर्तले. यंत्रविद्येत निष्णात असलेला जोडीदार असा अर्ध्यावर गेला. दुसरा कोणी असता तर पुन्हा पडद्यांकडे वळला असता. बाबूरावांनी शिष्य दामले यांना हाताशी धरले आणि १९१८ मध्ये चालता कॅमेरा तयार झाला. गायिका तानीबाई कागलकर यांनी पैसा पुरविला, छत्रपती शाहू महाराजांचा आश्रय मिळाला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली.

‘सैरंध्री’ १९२० साली पुण्यात आर्यन चित्रपटगृहात झळकला. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या होत्या. त्यापायी त्या अभिनेत्रींना समाजाचा बहिष्कार सोसावा लागला आणि कंपनीच्या आवारातच राहावे लागले. कीचकवधाचे दृश्य इतके हुबेहूब होते की प्रेक्षागृहात स्त्रियांना भोवळ आल्याचे सांगितले जाते. पुढे त्या दृश्यावर सरकारची कात्री चालली. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना सुवर्णपदक व ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली.

या यशापेक्षा महत्त्वाचे होते ते चौकटीत घडलेले परिवर्तन. ज्यांची उपजीविका पडद्यांवर चालली होती, त्याच बाबूरावांनी चित्रपटातून पडदा हद्दपार करण्यास प्रारंभ केला. त्याच्या जागी भरीव नेपथ्य आले: ज्यातून चालता येईल, ज्याच्या खांबाआड उभे राहता येईल, ज्याच्या कोपऱ्यात सावली साचू शकेल असे. नट आणि भिंत यांच्यामध्ये हवा आली. चित्रीकरणापूर्वी बाबूराव पात्रांची वेशभूषा, त्यांच्या हालचाली, दृश्याची मांडणी कागदावर रेखाटून ठेवीत. १९२३ च्या ‘सिंहगड’मध्ये त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरला आणि चित्रकाराच्या हाती खरे साधन आले. सूर्य सर्वांवर सारखाच पडतो. दिवा मात्र हवा तेथे रोखता येतो आणि नको ते अंधारात सोडता येते. भिंग पार्श्वभूमी धूसर करते, बाबूरावांनी ती काळोखात बुडविली. हेतू एकच.

या दृष्टीची कसोटी लागली ती १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये. नारायण हरी आपटे यांच्या कथेवरील या मूकपटात देव नव्हते, राजे नव्हते. सावकाराने जमीन गिळलेला शेतकरी शहरात गिरणी कामगार होतो, एवढीच गोष्ट. तरुण व्ही. शांताराम त्यात शेतकरी झाले होते. अंधुक झोपडी आणि तिच्याबाहेर विव्हळणारे कुत्रे हे त्यातील दृश्य पाहणाऱ्यांच्या स्मरणात पुढे अनेक वर्षे राहिले. झोपडीत काय काय सामान आहे, हे दाखविण्याची बाबूरावांना गरज वाटली नाही. काळोखाने जे झाकले, तेच दारिद्र्य प्रेक्षकांपर्यंत पोहोचले. परंतु पौराणिक चमत्कारांची सवय झालेल्या प्रेक्षकांनी चित्रपटाला अपेक्षित साथ दिली नाही. १९३६ साली तो बोलपट म्हणून पुन्हा काढावा, इतका त्या विषयाचा ध्यास त्यांनी घेतला होता.

कंपनीचे दिवस मात्र फिरले. १९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर बाहेर पडले आणि त्यांनी ‘प्रभात’ची स्थापना केली. शिष्य गेले ते गुरूची नजर घेऊनच. ‘संत तुकाराम’मधील साधे घर किंवा ‘संत ज्ञानेश्वर’मधील शाहू मोडक यांच्याभोवतीचा शांत अवकाश पाहताना हे जाणवते. गुरूच्या वाट्याला उरली ती रिकामी होत गेलेली कंपनी. त्यातच बोलपट आला. शब्द आले की डोळ्यांचे काम उणावेल, दृश्याची संस्कृती लयाला जाईल, अशी भीती बाबूरावांना वाटत होती. ‘उषा’ (१९३५), ‘प्रतिभा’ (१९३७) असे काही बोलपट त्यांनी केले, परंतु मन रमले नाही. बोलपटाच्या आरंभी माइकजवळ खिळून संवाद म्हणणारी पात्रे पाहिली, तर त्यांची भीती अगदीच अनाठायी होती असे म्हणवत नाही.

ते पुन्हा कुंचल्याकडे आणि शिल्पाकडे वळले. त्यांच्या तैलचित्रांत रंग दबके, संयत आहेत. आकृतीच्या कडा अनेक ठिकाणी मागच्या रंगात हलकेच मिसळून जातात. ‘जलवाहिनी’सारख्या चित्रासमोर उभे राहिले की नजर आधी व्यक्तीवर स्थिरावते आणि भोवतालचे वातावरण नंतर, सावकाश जाणवू लागते. नाटकाच्या पडद्यावर प्रत्येक कमान, प्रत्येक पान नेटके रंगविणाऱ्या हाताने येथे तपशील सोडून दिलेले आहेत. किती सोडायचे, हे ठरविणे रंगविण्यापेक्षा अवघड असते. कोल्हापूरच्या पुढील चित्रकारांवर त्यांचा मोठा प्रभाव राहिला.

१६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरात त्यांचे निधन झाले. त्यांच्या मूकपटांपैकी बहुतेक आज उपलब्ध नाहीत. फार थोडे तुकडे जतन झाले आहेत. १९२५ ची ती अंधुक झोपडीही, तिच्या काळोखासह, नाहीशी झाली आहे.