ल्यूथर यांच्या घरचे चिमुकले गुरू

मार्टिन ल्यूथर यांचे नाव निघताच आपल्या मनश्चक्षूंपुढे १५१७ सालचे पंच्याण्णव सिद्धांत उभे राहतात. १५२१ साली वर्म्स येथे सम्राटापुढे निर्भयपणे उभा राहिलेला मठवासी आठवतो. जर्मन जनतेच्या हाती तिच्या मातृभाषेतील पवित्र शास्त्र ठेवणारा भाषांतरकार आठवतो. हे सारे यथार्थच आहे. परंतु आज आपण त्यांच्या घराचा उंबरठा ओलांडू या. तेथे या थोर गुरूला धडे देणारे काही चिमुकले गुरू आपणांस भेटतील.

ल्यूथर यांचा जन्म १० नोव्हेंबर १४८३ रोजी आइस्लेबेन येथे झाला. त्यांचे बालपण कडक शिस्तीत गेले. अक्रोडासारख्या एका क्षुल्लक फळापायी आईने आपल्याला रक्त येईपर्यंत मारले होते, शाळेत एकाच सकाळी पंधरा वेळा छडी बसली होती, या गोष्टी त्यांना उतारवयातही आठवत. आईवडिलांचा हेतू चांगला होता, हे ते मान्य करीत; पण त्या धाकामुळेच आपण मठाची वाट धरली, असेही ते सांगत. मठात गेल्यावरही ती भीती सरली नाही. देव म्हटला की हाती छडी घेतलेला न्यायाधीशच त्यांना दिसे. तो प्रेमळ पिता आहे, हे त्यांना प्रथम शास्त्राच्या अध्ययनाने शिकवले. ते सत्य अनुभवाने शिकवण्याचे काम मात्र पुढे मुलांकडे आले.

१३ जून १५२५ रोजी, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी कॅथरिना फॉन बोरा या पूर्वाश्रमीच्या धर्मभगिनीशी विवाह केला. विटेनबर्गमधील ज्या मठात ते एकेकाळी व्रतस्थ राहिले, तेच त्यांचे घर झाले. तेथे हान्स, एलिझाबेथ, माग्दालेना, मार्टिन, पॉल व मार्गारेट अशी सहा मुले जन्मली. शिवाय नात्यातली पोरकी मुले त्यांनी सांभाळली, विद्यार्थीही घरी राहत. ज्या भिंतींनी पूर्वी केवळ मौन ऐकले होते, त्यांना आता रडणे, हसणे आणि भांडणे ऐकू येऊ लागली.

विशेष म्हणजे, स्वतः अविवाहित असताना, १५२२ सालीच, त्यांनी विवाहाविषयीच्या पुस्तकात एक धाडसी विचार मांडला होता. बाळाचे लंगोट धुणाऱ्या बापाला लोक खुशाल हसोत; तो हे काम विश्वासाने करीत असेल तर देव व त्याचे दूतही हसतात, पण ते आनंदाने, असा त्या विचाराचा आशय होता. पुढे तसे प्रसंग त्यांच्याच घरी आले, तेव्हा या विचाराची परीक्षा झाली.

वाचकहो, त्यांच्या अभ्यासिकेत डोकावून पाहा. ल्यूथर लिहीत बसले आहेत आणि छोटा हान्स शेजारी गाणे म्हणत आहे. आवाज फारच चढला की वडील रागावतात. मुलगा गाणे थांबवीत नाही. वडिलांकडे पाहत जरा हळू, जपून गातो. ल्यूथर यांना त्यात उपासनेचे मर्म दिसले. देवालाही आपण असेच हवे आहोत : सदा आनंदी, तरी त्याचा आदर राखणारे. लिखाणात व्यत्यय आला खरा, पण एक धडा मिळाला.

दुसरा धडा तान्ह्या मार्टिनने दिला. आईच्या अंगावर निवांत दूध पिणाऱ्या त्या बाळाकडे पाहून ल्यूथर यांना वाटले की, पोप, बिशप, सॅक्सनीचा ड्यूक जॉर्ज हे सारे आपले वैरी, म्हणजे या बाळाचेही वैरीच. पण त्याला त्याची तिळमात्र चिंता नाही! साम्राज्याच्या बहिष्काराखाली जगणाऱ्या त्या पित्याला हा निश्चिंत विश्वास हवाहवासा वाटला.

१५२९ साली त्यांनी घरोघरच्या कुटुंबप्रमुखांसाठी लहान प्रश्नोत्तरावली प्रसिद्ध केली. तिच्याबरोबरच्या मोठ्या पुस्तकात ते कबूल करतात की, आपण धर्मशास्त्राचे पंडित असूनही दररोज सकाळी लहान मुलाप्रमाणे दहा आज्ञा, विश्वासांगीकार व प्रभूची प्रार्थना म्हणतो, आणि या पाठाचा विद्यार्थी म्हणूनच राहणार आहोत. प्रभू येशूने शिष्यांच्या मध्यभागी बालकाला उभे केले, त्याचा अर्थ त्यांना असा कळला होता.

१५३० साली ऑग्सबर्ग येथे सुधारणेचे भवितव्य ठरवणारी राजसभा भरली. बहिष्कारामुळे ल्यूथर यांना तेथे जाता येईना, म्हणून एप्रिल ते ऑक्टोबर ते कोबुर्गच्या किल्ल्यात राहिले. जूनच्या आरंभी वडिलांच्या मृत्यूची वार्ता आली. स्तोत्रसंहिता हाती घेऊन ते खोलीत गेले व पुष्कळ रडले. त्या दिवसांत कॅथरिनाबाईंनी पाठवलेले वर्षभराच्या माग्दालेनेचे चित्र त्यांच्याजवळ होते. प्रथम त्यांना ते ओळखूच येईना, चेहरा फार सावळा वाटला. पण हळूहळू ते इतके आवडू लागले की जेवणाच्या मेजासमोरील भिंतीवर त्यांनी ते लावले. सोबत असलेल्या फाइट डीट्रिख या तरुण साहाय्यकाने घरी कळवले की, या चित्राने डॉक्टरांचे मन दुःखातून पुष्कळ वळवले आहे.

जून महिन्यातच त्यांनी चार वर्षांच्या हान्सला पत्र लिहिले. प्रार्थना व अभ्यास करणाऱ्या मुलांसाठी एक सुंदर बाग आहे, तेथे फळे आहेत, सोन्याचे लगाम घातलेली छोटी घोडी आहेत आणि हान्सने आपल्या सवंगड्यांना व लेना मावशीलाही तेथे आणावे, असे त्यात रंगवले होते. राजेरजवाड्यांना पत्रे लिहिणारी तीच लेखणी इथे मुलाच्या उंचीला वाकली. त्याच किल्ल्यात भाषांतराविषयी लिहिताना त्यांनी सांगितले की, शब्द कसा वापरावा हे घरातल्या आईला, रस्त्यावरच्या मुलांना आणि बाजारातल्या सामान्य माणसाला विचारावे. भाषांतराचे काम करणाऱ्या आम्हां लोकांना तर हा उपदेश कधीच विसरता येत नाही.

परंतु मुले आनंद देतात तसे काळीजही चिरतात. एलिझाबेथ १५२८ साली अवघ्या आठ महिन्यांची असताना गेली. पित्याचे अंतःकरण इतके हळवे असू शकते हे आपल्याला ठाऊकच नव्हते, असे त्यांनी तेव्हा एका मित्राला कळवले. १५४२ सालच्या सप्टेंबरात तेरा वर्षांची माग्दालेना आजारी पडली. भावाबहिणींचा एकमेकांवर अतिशय जीव होता, म्हणून टोर्गाव येथे शिकणाऱ्या हान्सला, कारण न सांगता, गाडी पाठवून बोलावून घेतले गेले. इथल्या पित्याजवळ राहायला आवडेल की स्वर्गातल्या पित्याकडे जायला, असे ल्यूथर यांनी लेकीला विचारले. देवाची इच्छा असेल तसे, असे ती म्हणाली. २० सप्टेंबर रोजी वडिलांच्या बाहूंत तिने प्राण सोडला. आई त्याच खोलीत होती, पण शोकाने बिछान्यापासून दूर उभी होती.

जो विश्वास त्यांनी मुलांपासून शिकला, तोच आता मुलीच्या मृत्यूने त्यांच्यापाशी मागितला. ल्यूथर यांनी खोटे धैर्य दाखवले नाही. आत्म्यात आनंद आहे, पण देह दुःखी आहे, असे ते म्हणाले. आम्ही आभारच मानायला हवेत, पण त्या आज्ञाधारक लेकीचे बोलणे व पाहणे हृदयात इतके खोल कोरले गेले आहे की हुंदक्यावाचून ते जमत नाही, असे त्यांनी युस्टुस योनास यांना कळवले.

येथे एक गोष्ट लपवता कामा नये. पुढच्याच वर्षी, १५४३ साली, याच लेखणीतून यहूदी लोकांविरुद्ध अत्यंत कठोर पुस्तक उतरले. पुढे अनेक ल्यूथरन मंडळ्यांनी त्या लिखाणाचा जाहीर निषेध केला. स्वतःच्या लेकरापुढे वितळणारे हृदय दुसऱ्यांच्या लेकरांविषयी असे कसे कठीण होऊ शकते? घरी शिकलेला धडा उंबरठ्याबाहेर नेणे किती अवघड आहे, हेही या जीवनातून आपण शिकायचे आहे.

१८ फेब्रुवारी १५४६ रोजी, ज्या आइस्लेबेनमध्ये जन्म झाला तेथेच, ल्यूथर यांचा अंत झाला.

प्रिय वाचकहो, आपल्याही घरी कुणी चिमुकले असेल. नातवंड असेल, भाचा-पुतणी असेल किंवा शब्बाथशाळेत येणारे शेजारचे मूल असेल. आज सायंकाळी ते आपल्या कामात लुडबुड करील, मोठ्याने गाईल, वेड्यासारखे प्रश्न विचारील. त्याला दटावण्याआधी घडीभर हातातले काम बाजूला ठेवा आणि त्याचे गाणे शेवटपर्यंत ऐका. मग देवाचे आभार माना. आणि ज्या मुलाला आपल्या घरात जागा नाही, त्याचीही त्या प्रार्थनेत आठवण असू द्या.