वसंतराव नाईक

एके काळी आपल्या देशात बैलांचे मोठमोठे तांडे एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात जात असत. प्रत्येक बैलाच्या पाठीवर धान्याच्या किंवा मिठाच्या गोणी लादलेल्या, गळ्यात घंटा, आणि मागून बायकामुलांसह चाललेला सारा संसार. हे बंजारा लोक. जेथे धान्य पिकले तेथून उचलायचे आणि जेथे टंचाई असेल तेथे नेऊन पोहोचवायचे, हा त्यांचा पिढीजात उद्योग. त्यास लदेणी म्हणत. पुढे आगगाडी आली, पक्क्या सडका झाल्या, आणि लदेणीचा धंदा बुडाला. फिरणारे तांडे डोंगराच्या पायथ्याशी, माळरानावर स्थिरावले. त्या वस्तीला नाव मात्र तांडा हेच राहिले, आणि तांड्याच्या प्रमुखाला नायक किंवा नाईक म्हणण्याची रीतही राहिली.

यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यात गहुली नावाचे असे एक गाव आहे. बंजारा समाजाचे तीर्थक्षेत्र पोहरादेवी, जे आज वाशीम जिल्ह्यात मोडते, तेही तेथून फार दूर नाही. गहुलीचे प्रमुख फुलसिंग नाईक शेती करीत. त्यांच्या घरी १ जुलै १९१३ रोजी एक मुलगा जन्माला आला. हाच पुढे महाराष्ट्राचा मुख्यमंत्री झालेला वसंतराव.

आज गावोगावी शाळा आहेत, म्हणून त्या काळातील मुलांची अडचण चटकन ध्यानात येत नाही. तांड्यातील मुलाला अक्षर शिकायचे तर तांडा सोडावा लागे. घरी बंजारा बोली आणि शाळेत मराठी, अशी दुहेरी कसरत करीत वसंतरावांनी निरनिराळ्या खेड्यांतून प्राथमिक शिक्षण घेतले. पुढील शिक्षणासाठी ते अमरावतीस व नंतर नागपुरास गेले. तेथे ते बी. ए. झाले आणि १९४० मध्ये त्यांनी कायद्याची पदवी मिळविली. तांड्यातील मुलगा वकील झाला, ही त्या भागात मोठी नवलाची गोष्ट होती.

वकिलीचा आरंभ त्यांनी अमरावतीस डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या हाताखाली केला. पंजाबराव हे शेतकऱ्यांचे कैवारी, पुढे देशाचे कृषिमंत्री झालेले थोर पुरुष. शेतकऱ्याचे दुःख वसंतरावांस घरीच ठाऊक होते. त्यावर इलाज करायचा तर कायदा, संघटना आणि शिक्षण यांची जोड हवी, हे त्यांनी या सहवासात पाहिले. १९४१ मध्ये त्यांनी नागपूरच्या घाटे कुटुंबातील वत्सलाबाई यांच्याशी विवाह केला. जाती भिन्न असल्यामुळे हा विवाह दोन्हीकडच्या पुष्कळ लोकांस रुचला नाही. लोकांचा रोष पत्करूनही दोघे आपल्या निश्चयापासून ढळले नाहीत.

पुसदला वकिली करीत असताना वसंतराव सार्वजनिक कामात पडले. १९४६ मध्ये ते पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. पाणी, दिवाबत्ती, रस्ते, सफाई अशी ही साधी कामे. पण लोकांच्या रोजच्या गरजा हातावेगळ्या करण्याचे शिक्षण त्यांना येथेच मिळाले. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते आमदार झाले. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता. त्या राज्यात त्यांना महसूल खात्याचे उपमंत्रिपद मिळाले. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, तसे वसंतरावही मुंबईस आले. तेथे त्यांनी सहकार, कृषी, महसूल ही खाती सांभाळली. सरकारने राहण्यास दिलेल्या बंगल्याला वर्षा हे नाव त्यांनीच दिले, असे सांगतात. शेतकऱ्याच्या मुलाला याहून गोड नाव कोणते सुचणार! पुढे मुख्यमंत्री झाल्यावरही त्यांनी तो बंगला सोडला नाही, आणि वर्षा हे मुख्यमंत्र्यांचे निवासस्थान होऊन बसले.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. नव्या राज्यापुढे एक मोठा प्रश्न होता. खेड्यातील विहीर, शाळेची खोली, ओढ्यावरची मोरी, एवढ्यातेवढ्या कामासाठी लोकांनी दूरच्या कचेरीकडे किती दिवस डोळे लावून बसायचे? यावर विचार करण्यासाठी सरकारने १९६० च्या जून महिन्यात एक समिती नेमली. महसूलमंत्री वसंतराव नाईक तिचे अध्यक्ष होते. समिती म्हटली की कित्येकांना चहापान आणि कागदांचे गठ्ठे आठवतात. आणि तसे नेहमीच चुकीचे असते असेही नाही. पण या समितीने नऊ महिन्यांत, मार्च १९६१ मध्ये, आपला अहवाल सादर केला. त्यात २२६ शिफारशी होत्या.

त्यापूर्वी बलवंतराय मेहता यांच्या समितीने साऱ्या देशासाठी सुचविले होते की, मुख्य अधिकार तालुक्याएवढ्या विभागाच्या संस्थेकडे असावेत. नाईक समितीने वेगळा विचार केला. तालुक्याजवळ पैसा थोडा, तज्ज्ञ माणसे थोडी. मोठे काम पेलण्याचे बळ जिल्ह्यापाशी असते. म्हणून समितीने जिल्हा परिषदेला मुख्य स्थान दिले, आणि तिच्या जोडीला पंचायत समिती व ग्रामपंचायत ठेवली. सरकारने हा अहवाल फडताळात ठेवला नाही. लगेच कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. तुमच्यापैकी अनेकजण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकत असतील. त्या शाळेचा कारभार जिल्ह्याच्या लोकांनी निवडलेल्या माणसांच्या हाती आला, तो असा.

२४ नोव्हेंबर १९६३ रोजी मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार यांचे निधन झाले, आणि ५ डिसेंबर रोजी वसंतराव नाईक मुख्यमंत्री झाले. तेव्हापासून २० फेब्रुवारी १९७५ पर्यंत, म्हणजे सलग अकरा वर्षांहून अधिक काळ, ते त्या पदावर होते. या काळात कारखाने निघाले, वीजकेंद्रे उभी राहिली, मुंबईच्या पलीकडे नव्या मुंबईची आखणी झाली, कोयनेच्या भूकंपाचे संकट आले. पण वसंतरावांचे चित्त ज्या एका प्रश्नात अखंड गुंतलेले असे, तो प्रश्न भाकरीचा होता.

ते दिवसच तसे होते. १९६५ मध्ये पाऊस रुसला. त्याच वर्षी पाकिस्तानशी युद्ध झाले. देशात धान्य पुरेना. अमेरिकेहून गव्हाची जहाजे येत, तेव्हा शहरांतील शिधावाटपाची दुकाने चालत. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी देशातील लोकांना आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले. धान्यासाठी दुसऱ्याच्या दारी उभे राहणे वसंतरावांस फार लागले. पुण्यात शनिवारवाड्यासमोर जाहीर सभेत त्यांनी सांगून टाकले की, दोन वर्षांत महाराष्ट्र अन्नधान्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण झाला नाही, तर मला येथेच फाशी द्या. राज्याच्या मुख्यमंत्र्याने असे बोलणे शहाणपणाचे होते काय, याविषयी दुमत होऊ शकेल. त्यांची तळमळ खरी होती, याविषयी मात्र दुमत नव्हते.

ते गावोगाव हिंडून शेतकऱ्यांशी बोलू लागले. त्या सुमारास ज्वारीचे नवे संकरित बियाणे निघाले होते. लोक त्यास हायब्रीड म्हणत. ही ज्वारी ठेंगणी, लवकर तयार होणारी आणि खत-पाणी मिळाल्यास गावरान ज्वारीपेक्षा कितीतरी अधिक पिकणारी होती. शेतकरी मात्र सहजासहजी राजी होईनात, आणि त्यांची कारणेही पोकळ नव्हती. नव्या ज्वारीच्या भाकरीस जुनी गोडी नाही. ताटे आखूड, मग गुरांना कडबा कोठून पुरणार? कापणीच्या वेळी पावसाने गाठले तर दाणा काळा पडतो. वसंतराव स्वतः शेतकरी असल्यामुळे हे आक्षेप त्यांना नवे नव्हते. पण उपाशी घरात आधी पोटभर भाकरी हवी, गोडीचा विचार मागाहून, असे त्यांचे मत होते. संकरित बियाणे, रासायनिक खते, विहिरी, पंप आणि सहकारी कर्ज यांचा त्यांनी नेटाने प्रसार केला. शेतीचे ज्ञान बांधापर्यंत जावे म्हणून त्यांच्या कारकीर्दीत राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथे कृषी विद्यापीठे स्थापन झाली. अकोल्याच्या विद्यापीठाला पंजाबराव देशमुखांचे नाव देण्यात आले.

मनुष्य योजना करतो, पण आभाळ कोणाच्या आज्ञेत नसते. १९७० पासून पाऊस कमी होत गेला आणि १९७२ मध्ये महाराष्ट्रावर भयंकर दुष्काळ कोसळला. विहिरी आटल्या, गुरे कवडीमोलाने विकली गेली. स्वयंपूर्ण होऊ पाहणाऱ्या राज्याला पुन्हा बाहेरचे धान्य आणावे लागले. अमेरिकेची लाल मिलो ज्वारी त्या पिढीच्या तोंडी आली. तुमच्या घरी कोणी वडीलधारे असतील तर त्यांना मिलो आणि सुकडी ही दोन नावे विचारून पाहा. दुष्काळी कामांवर खाण्यास मिळणारी सुकडी अनेकांना अजून आठवते.

अशा वेळी घरोघर फुकट धान्य वाटणे हा एक मार्ग होता. सरकारने दुसरा मार्ग धरला. जो काम मागेल त्याला काम द्यायचे आणि कामाचा रोजगार द्यायचा. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ही कल्पना मांडली होती आणि १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यात तिचा लहानसा प्रयोगही झाला होता. दुष्काळात ती राज्यभर नेण्यात आली. पाझर तलाव, नालाबांध, शेतांची बांधबंदिस्ती, रस्ते अशी कामे निघाली. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसे या कामांवर होती. त्यांत स्त्रिया फार मोठ्या संख्येने होत्या. विरोधकांनी सरकारवर कडक टीका केली, आणि ती सारीच अनाठायी नव्हती. पुष्कळ ठिकाणी लोकांना नुसती खडी फोडावी लागली आणि ते ढीग रस्त्याच्या कडेस तसेच पडून राहिले. पण एवढ्या मोठ्या दुष्काळात अन्नावाचून माणसे मोठ्या संख्येने दगावली नाहीत. पूर्वीच्या दुष्काळांच्या कथा ज्यांनी ऐकल्या होत्या, त्यांना याचे मोल कळले. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये मंजूर झाला आणि १९७९ मध्ये अंमलात आला. २००५ मध्ये साऱ्या देशासाठी असा कायदा झाला, तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव समोर होता.

विदर्भाच्या कापसाकडेही त्यांचे लक्ष होते. व्यापारी ठरवील तो भाव घेऊन शेतकऱ्याने मुकाट्याने घरी जावे, हे थांबविण्यासाठी १९७२ मध्ये सरकारने स्वतःच सर्व कापूस खरेदी करण्याची योजना सुरू केली. तिला कापूस एकाधिकार योजना म्हणत. पुढे ती तोट्यात गेली व बंद पडली. परंतु कित्येक वर्षे वऱ्हाडातील शेतकऱ्यास तिचा आधार होता.

मुख्यमंत्रिपद सोडल्यावर १९७७ मध्ये वसंतराव लोकसभेच्या निवडणुकीस उभे राहिले, ते वाशीम मतदारसंघातून. त्या वर्षी देशात त्यांच्या काँग्रेस पक्षाचा मोठा पराभव झाला. वाशीमच्या मतदारांनी मात्र आपल्या शेजारच्या या माणसाला निवडून दिल्लीस पाठविले. लोकसभेचे सदस्य असतानाच, १८ ऑगस्ट १९७९ रोजी, सिंगापूर येथे त्यांचे निधन झाले.

थोर माणसाच्या पश्चात त्याची आठवण कशी ठेवावी, हा प्रश्न प्रत्येक शासनापुढे येतो. पुतळा उभारावा, रस्त्याला नाव द्यावे, की सुट्टी द्यावी? वसंतरावांचा जन्मदिवस, १ जुलै, महाराष्ट्र शासनाने कृषिदिन ठरविला. त्या दिवशी सुट्टी नसते. जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या चांगली शेती करणाऱ्यांचा सत्कार करतात, बियाण्यांची आणि नव्या पद्धतींची माहिती देतात. २०१३ मध्ये त्यांच्या जन्माला शंभर वर्षे पूर्ण होणार, म्हणून शासनाने जन्मशताब्दीसाठी समिती नेमली. ज्यांनी स्वतः समितीचे अध्यक्ष होऊन राज्याचा कारभार बदलला, त्यांच्या सन्मानासाठी पुन्हा समितीच नेमली गेली, हा योग मजेचा खरा. त्या वर्षी परभणीच्या कृषी विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. त्याआधी, २००६ च्या सुमारास, विदर्भातील शेतकरी कर्ज आणि नापिकीने गांजले असता त्यांच्यासाठी शासनाने जे मिशन काढले, त्यालाही वसंतरावांचेच नाव होते. ज्या सहा जिल्ह्यांसाठी ते काढले, त्यांत वाशीम होता. वसंतरावांनी हाती घेतलेले काम किती अपुरे राहिले होते, हेही त्या नावाने लोकांना आठवले असेल.

वाशीम जिल्ह्याचा आणि या तारखेचा आणखी एक संबंध आहे. अकोला जिल्ह्यातून वेगळा होऊन वाशीम जिल्हा झाला, तो १ जुलै १९९८ रोजी. त्यामुळे जिल्ह्याचा वाढदिवस आणि कृषिदिन तेथे एकाच दिवशी येतात. सभागृहात वसंतरावांच्या तसबिरीला हार घालतात, भाषणे होतात. मृगाचा पाऊस लांबला असेल आणि नुकताच वाफसा झाला असेल, तर मात्र पुढच्या खुर्च्या पुष्कळशा रिकाम्या राहतात. कारण शेतकरी त्या वेळी शेतात पेरणीला गेलेला असतो.