विश्लेषण : मुलांच्या थेरपीतला झोका आणि कमलाबाई निंबकर

पेण किंवा रोह्यातले एखादे मूल जिना उतरताना घाबरते, सारखे अडखळते, शर्टाचे बटणही लावू शकत नाही. डॉक्टर ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे पाठवतात. तिथे टांगलेला झोका, मोठा चेंडू, डुगडुगणारी फळी! पालकांना प्रश्न पडतो, हा उपचार की खेळ? या शास्त्राचा भारतात पाया घालणाऱ्या होत्या निंबकरांच्या अमेरिकन सूनबाई.

कोण होत्या कमलाबाई?
मूळ नाव एलिझाबेथ लंडी. जन्म १९०० चा, अमेरिकेतील क्वेकर कुटुंबातला. विष्णू निंबकर यांच्याशी लग्न करून त्या भारतात आल्या आणि कमला झाल्या. चाळिशी उलटल्यावर त्या पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. अमेरिकेत जाऊन ऑक्युपेशनल थेरपी शिकल्या आणि परतल्या.

काय काम केले?
१९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांनी देशातील पहिले ऑक्युपेशनल थेरपी प्रशिक्षण सुरू केले. आजार बरा झाला तरी रुग्णाला स्वतःच्या हाताने जेवता, कपडे घालता, काम करता आले पाहिजे, हा या उपचाराचा गाभा. १९५२ मध्ये त्यांनी या व्यावसायिकांची अखिल भारतीय संघटना उभारली. त्याच वर्षी स्थापन झालेल्या जागतिक महासंघाच्या दहा संस्थापक देशांत भारत होता.

मग झोका कुठून आला?
तो विचार नंतरचा. अमेरिकन थेरपिस्ट जीन आयर्स (१९२०-१९८८) यांनी सेन्सरी इंटिग्रेशनचा सिद्धांत मांडला. आपला तोल कानाच्या आतील भाग, डोळे, स्नायू आणि सांधे यांच्याकडून येणाऱ्या संदेशांवर सांभाळला जातो. झोका, फळी आणि चेंडूवर या संदेशांचा मेळ घालण्याचा सराव होतो.

पालकांनी काय लक्षात ठेवावे?
एका मुलाला शांत करणारा झोका दुसऱ्याला घाबरवू शकतो. त्यामुळे ऑनलाइन साहित्य मागवण्याआधी थेरपिस्टकडून तपासणी हवी. या पद्धतीच्या परिणामांचे पुरावे मर्यादित आहेत, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये नमूद केले होते. म्हणून सुरुवातीलाच ठरवा, मुलाला नेमके काय जमायला हवे? जिना उतरणे की बटण लावणे? ठरावीक काळाने तेच तपासा.

कमलाबाईंचे १९७९ मध्ये निधन झाले. फलटणची कमला निंबकर बालभवन ही शाळा त्यांच्या नावाने चालते. मूल झोक्यावर किती वेळ बसले, यापेक्षा घरी स्वतःचे काय करू लागले, हीच त्यांच्या शास्त्राची खरी कसोटी.